गिरणीतली घाण

६ मार्च
शुक्रवार. लाइट नाही म्हणजे गिरण बंद, गिरण बंद म्हणजे साफसफाई. पट्ट्याच्या वरच्या झरोक्यात हात घातला तर काय काय निघालं! सुतळीचे तुकडे, झाडूच्या काड्या, कोंबडीची पिसं, वेफर्सच्या पुडीचा चकचकीत कागद, माझ्याच डोक्यातले केस. आणि देव्हाऱ्यातल्या फुलवाती! रोज एक वात कमी होते म्हणून मी ह्यांच्यावर खेकसत होते. चोर वर बसलेला, काळी दाढी लावून. मेला चिमणा!
सगळं उपसून कचऱ्यात टाकलं. संध्याकाळपर्यंत निम्मं परत वर. शी!

९ मार्च
ह्यांना डॉक्टरने गिरणीत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं त्याला वर्ष होत आलं. जन्मभर पीठ छातीत भरून घेतलं, दुसरं काय होणार. आता दारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, तोंडाला रुमाल. उद्योग काय, तर चिमण्या बघणे, आणि बघून झालं की मला सांगणे. मी आत एकटी डबे उचलतेय, पट्टा चढवतेय, आणि बाहेरून बातम्या चालू.
"अगो, भोक आधी नर धरतो बघ. मग दारात बसून ओरडतो. मादी येते, आत वाकून बघते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर चालली."
म्हटलं, मला कोणी वाकून बघू दिलं होतं? वरातीतून उतरवलं आणि थेट गिरणीत उभं केलंत.
हसले. हसले की खोकला. मग पाणी घेऊन धावायला मीच.

१३ मार्च
किळस आली आज. नर-मादी, मीटरच्या पेटीवर, भर दुपारी, गिऱ्हाइकं समोर उभी. एकदा झालं, समजू शकते. परत, परत, परत! शाळेतल्या दोन मुली दळण न्यायला आलेल्या, त्या खिदळायला लागल्या. मी फडकं फेकून मारलं. उडाली, वजनकाट्यावर बसली, तिथे पुन्हा तेच. लाज ना शरम.
ह्यांना म्हटलं, त्यांना दुसरं काही काम असतं की नाही?
"सीझन आहे त्यांचा. आपला पण आहे ना, साठवणीचा?"
साठवणीचा म्हणे. वर्षाचा गहू भरणारे राहिलेत किती.

१७ मार्च
नितीनचा फोन. पोरगा कल्याणला असतो, महिन्यातून एकदा आईची आठवण येते, ती गिरण बंद करा सांगायला. "गाळा भाड्याने देऊया आई. मोमोवाला तयार आहे. लोक पॅकेटचं पीठ घेतात आता."
घेतात, खरं आहे. नाहीतर घरात घरघंटी. पूर्वी आमच्या शिरगावात संध्याकाळी डब्यांची रांग लागायची, आता मीच दारात येऊन बघते कोणी येतंय का. पण बंद करून करू काय? ह्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसू? गिरण चालते म्हणून माझे हातपाय चालतात. ती गेली की मी गेले, हे त्या पोराला कळत नाही.
मोमो. उकडलेला मैदा. शी.

१८ मार्च
देव पावला. खरवईच्या नव्या टॉवरच्या सोनल मॅडम आल्या. तिथल्या महिला मंडळाच्या मुख्य. म्हणाल्या, "काकू, आमच्या अख्ख्या बिल्डिंगचं यंदाचं दळण तुमच्याकडे. दगडाचं पीठ हेल्दी असतं." म्हटलं, असतं बाई. दगडाचं काय नि कशाचं काय, तुम्ही या फक्त.
नितीनला लगेच फोन केला. मोमोवाल्याला म्हणावं दुसरीकडे बघ.

२० मार्च
शुक्रवार, गिरण बंद. सो.मॅ. आणि चार बायका एकसारखे टी-शर्ट घालून हजर, छातीवर चिमणीचं चित्र. आज चिमणीदिवस आहे म्हणे. बरोबर लाकडी घरटं. गुलाबी ऑइलपेंट, वर छप्पर, छपरावर बदाम. वॉचमनकडून माझ्या पश्चिमेच्या भिंतीवर ठोकून घेतलं, दुपारभर ऊन मारतं तिथे. मग फोटो. मला मध्ये उभं केलं, हातात तांदळाची वाटी दिली. हसा काकू, हसा.
सो.मॅ. म्हणतात, "चिमण्या संपत चालल्यात काकू, माहितीये?"
डोक्यावर झरोक्यात तो दाढीवाला घसा फोडून ओरडत होता. एकीनेही मान वर केली नाही. तांदूळ परत घेऊन गेल्या, वाटीसकट.

२५ मार्च
गुलाबी घरट्यात पाल राहायला आली. तिला तरी आवडलं.

२८ मार्च
"बघ ना गो, किती घातलीत." सकाळपासून तेच. शेवटी चढले स्टुलावर, ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी. चार अंडी. मळकी पांढरी, वर तपकिरी शिंतोडे, कोणी तंबाखू खाऊन थुंकल्यासारखे. खाली गादी माझ्या फुलवातींची.
मादी उठली की नर बसतो म्हणे. आळीपाळीने. म्हटलं, नीट बघा आणि शिका काहीतरी.

४ एप्रिल
ह्यांचा चुलतभाऊ आला होता, बारवीकडचा. ह्यांचा पाडा धरणात गेला, माणसं उठवली तेव्हा सगळे पांगले. हा अजून त्या बाजूला लाकूडफाट्याला जातो. सांगत होता, जंगलात पाखरं ढीगभर, पण चिमणी औषधाला नाही. पाडा होता तेव्हा वळचणीला नुसता किलबिलाट. माणसं गेली तशी तीही गेली.
हे म्हणाले, "माणूस लागतो हिला. चूल लागते, सांडलवंड लागते. टॉवरच्या वरच्या मजल्यांवर पण नाही दिसत बघ. तिकडे काय सांडतंच नाही."
म्हटलं, म्हणजे घाण करणाऱ्यांना घाण करणाऱ्यांचीच सोबत.
एरवी हसले असते. आज पाण्याखालच्या घराचा विषय निघाला होता, रुमाल तोंडावर ओढून घेतला. मी पट्टा चढवायला उठले.

११ एप्रिल
जन्मली. शी, शी, शी. एवढी कुरूप गोष्ट मी जन्मात बघितली नाही. उघडी, लाल, आंधळी, अंग म्हणजे नुसतं पोट, आणि कातडीतून आतडं दिसतंय. जरा स्टूल हललं की चारही तोंडं उघडी. पिवळ्या काठाची भोकं.
अंड्याची टरफलं थेट माझ्या पिठाच्या पिंपाजवळ. आणि आईबाप काय करतात, तर पिल्लांची घाण चोचीत धरून बाहेर नेतात आणि गिऱ्हाइकाच्या स्कूटीवर सोडतात. आज एका बाईच्या सीटवर. पुसायला कोण? मी.
ह्यांना आनंद असा, जसं बाळंतपण ह्यांचंच झालंय.

१६ एप्रिल
तोंड दाखवायला जागा नाही. टॉवरमधल्या कोणाच्या तरी पिठात चिमणीचं पीस निघालं. बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो, पीठ, त्यात पीस, पिसाभोवती लाल गोल. सो.मॅ. स्वतः मोबाइल दाखवायला आल्या. "काकू, हे किती अनहायजिनिक आहे! लहान मुलं खातात हे पीठ."
हात जोडले. काय बोलणार, बरोबरच आहे त्यांचं. माझ्या भाकरीत पीस निघालं तर मी ताट भिरकावलं असतं. आजवर माझ्या पिठाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्या मेलीच्या एका पिसाने धुळीला मिळवलं.
जाताना म्हणाल्या, "झरोक्यांना जाळी लावा. नाहीतर बायकांना मी थांबवू शकणार नाही."
म्हटलं, मॅडम, तुम्ही सांगायच्या आधीच लावायला हवी होती मी.

१७ एप्रिल
उल्हासनगरला जाऊन जाळी आणली. सिंधी दुकानदार म्हणतो, "चिड़िया के लिए? ये ले जाओ माई, मच्छर भी नहीं घुसेगा." तीच हवी होती.
ह्यांनी गुंडाळी बघितली. जेवले नाहीत.
"पिल्लं आहेत आत."
"मग?"
"आई बाहेर राहील."
नंतर किती वेळ मी भांडी आपटली. शेवटी ठरलं, पिल्लं उडाली की त्याच दिवशी जाळी. सो.मॅ.ना फोन करून आठवडाभर मागून घेतला. "पक्कं ना काकू?" पक्कं.
चिमणीसाठी खोटंनाटं सांगून मुदत मागतेय मी. गवंडी मिळत नाही म्हणून सांगितलं.

२० एप्रिल
पिल्लं आहेत तिथेच. वाढतील कशी, आई किडा शोधायला जाते ती येतच नाही लवकर. ह्यांचं म्हणणं, पिल्लाला दाणा पचत नाही, किडाच लागतो, नि आता सगळीकडे काँक्रीट, किडा मिळतो कुठे.
किडे? म्हटलं, किडे मी देते. खा, मोठे व्हा आणि निघा एकदाचे.
सो.मॅ.चा घरचा गहू आजच आलेला, गेल्या वर्षीचा उरलेला. "आधी जुना संपवते काकू, चाळून दळा." चाळला तर खाली काळा थर. सोंडवाले किडे, हजारो. शी! माझे हात पांढरे झाले, पीठच असेल जुनं. एरवी हे किडे भराभर कोपरापर्यंत चढतात. हे पळतही नव्हते, झिंगल्यासारखे पडून. बरंच झालं, आयते. ताटलीत भरले आणि ह्यांच्या खुर्चीसमोर ठेवले. मादी टपलेलीच होती. चोच भरून वर, परत खाली, परत वर. पिल्लांचा नुसता कालवा.
ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, लग्नातही बघितलं नसेल.
"उगाच काही समजू नका," म्हटलं. "जाळी लावायची घाई आहे मला."
मग सो.मॅ.चं दळण काढलं. त्यावर गल्लीतली दोन दळणं, दोन्ही गव्हाची. ज्वारीवर टाकलं तर बायका बोंब मारतात, गव्हावर गहूच लागतो सगळ्यांना.

२१ एप्रिल
शटर उघडलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज नव्हता.
मादी चक्कीच्या पायाशी, पाय वर. वर चारही पिल्लं. तोंडं उघडी.
ह्यांनी बाहेरूनच विचारलं, "तू काय केलंस?"
काय केलंस. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर. ओरडणारच होते, पण नजर ताटलीवर गेली. तळाला पांढरं. उचलून वास घेतला, नाकाला झोंबला. पीठ नव्हतं ते. गव्हात किडे होऊ नयेत म्हणून टाकतात ती पावडर, औषध. किडे झिंगलेले नव्हते, मरत होते. आणि मी ताटलीत वाढलं. स्वतःच्या हाताने.
खाली बसले. बसल्या बसल्या दुसरं आठवलं आणि उठून पळत सुटले. गव्हावर गहू! दगडात तिचं पीठ राहिलेलं, ते पुढच्या दोन दळणांत उतरलेलं. पहिल्या घरी डबा तसाच होता. दुसऱ्या घरी सुनेने कणीक मळून ठेवलेली, मांडीवर रांगतं पोर. परात हातातून ओढून घेतली. तिला वाटलं मला वेड लागलं.
कोणी खाल्लं नव्हतं. कोणी खाल्लं नव्हतं. हे मी दोनदा लिहितेय.

२२ एप्रिल
सो.मॅ.च्या घरी गेले, चौदावा मजला. त्यांना फोनवर कालच सांगितलं होतं पीठ वापरू नका, तर म्हणाल्या, बघू. आज समोर बसून सगळं सांगितलं, चिमण्या, पावडर, परात.
त्या हसल्या. "काकू, दुकानदारच देतो ती पावडर. सगळेच टाकतात. वर्षभर खातोय आम्ही, काही झालं का?"
म्हटलं, मॅडम, पाच जीव गेले.
"चिमण्यांचे ना? मग तुमचा प्रॉब्लेमच सुटला. जाळी पण नको आता."
समोर बिस्किटं ठेवली होती. बाल्कनीत तो चिमणीवाला टी-शर्ट वाळत होता.  पीस निघालं तर लाल गोल काढतात, आणि विष चमच्याने कालवून खातात. पाण्यालासुद्धा हात लावला नाही मी तिथे.
उठताना सांगितलं, पावडरीचा गहू माझ्या चक्कीत पडणार नाही. कोणाचाच. धुऊन, वाळवून आणा, मग दळते.
"इथे कुठे वाळवू काकू? प्रॅक्टिकल बोला."
खरं तर तेही खोटं नाही. बाल्कनी केवढी. पण मी "तुमची मर्जी" म्हणून लिफ्टमध्ये शिरले.
संध्याकाळपर्यंत ग्रुपवर निरोप गेला असणार. टॉवरच्या सात जणी डबे परत घेऊन गेल्या, एकीनेही डोळ्याला डोळा दिला नाही.

२४ एप्रिल
शुक्रवार. अंबरनाथहून दगडांना टाकी लावणारा आला. चक्की खोलली, दगड घासले, धुतले, नवी टाकी मारली. जमवलेलं सगळं पीठ मागे खड्ड्यात पुरलं, गायीने तोंड घालू नये म्हणून वर दगड. सो.मॅ.नी त्यांचं पीठ दिलं नाही. खातात की फेकलं, विचारायची सोय नाही.
चिमण्या त्याच खड्ड्याशेजारी. ह्यांनी पुठ्ठ्याचा डबा दिला, औषधाचा, ह्यांच्या श्वासाच्या पंपाचा. म्हणाले, "तुझी चूक नाही गो."
"मग कोणाची?"
पायाने डब्यावर माती लोटायला लागले. 

३० एप्रिल
दळणं तीन. दिवसभरात. त्यातलं एक माझंच.
नितीन म्हणतो मोमोवाला मे संपेपर्यंत थांबेल. "आई, तू त्या बाईला सॉरी म्हण ना. कोण खातंय, काय खातंय, तुला काय करायचंय?" माझंच पोर. माझ्याच चक्कीच्या पिठावर पोसलेलं.

३ मे
हा दाढीवाला! बायको-पोरं मरून दोन आठवडे झाले नाहीत, आणि झरोक्यात बसून पुन्हा ओरडायला सुरुवात. छाती फुगवून, पंख पाडून. जुनं घरटं उपसून खाली टाकलं, सगळा कचरा माझ्या वजनकाट्यावर. आणि आज पुन्हा फुलवात गेली.
पुरुषाची जात. ह्यांना म्हटलं, मी मेले तर तुम्ही पण असेच बसाल दारात.
"मला कोण येतंय बघायला," म्हणाले आणि खूप दिवसांनी हसले. मग खोकला. मग पाणी.

८ मे
एक मादी आली. झरोक्यात वाकून बघितलं, गेली. परत आली. मी पीठ भरता भरता थांबले होते, ते गिऱ्हाइकाने हटकल्यावर कळलं. जाळीची गुंडाळी कोपऱ्यात तशीच आहे. लावायला हवी खरं तर, घाण ती घाणच. पण लावू कोणासाठी, टॉवर तर गेला.

१३ मे
टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, नवीन लग्न झालेली, धुतलेला गहू घेऊन आली. गच्चीवर वाळवला म्हणे, सो.मॅ. भांडायला आल्या तरी. "काकू, नाव नका सांगू कुणाला." एवढासा डबा. पिसाचा कण नको म्हणून तीनदा चाळला. वर नवी मादी बसून राहिलीय, म्हणजे अंडी घातलेली दिसतात. मी स्टुलावर चढले नाही. मला बघायचंच नाही.

१६ मे
अकराच्या सुमाराला टॉवरचा वॉचमन सायकलवर मोठा डबा घेऊन आला. सो.मॅ.चा. मनात म्हटलं, आल्या शुद्धीवर. हात घातला. कोरडा, स्वच्छ, बोटांना पांढरं काही लागलं नाही. वास घेतला. पण हल्ली मला सगळ्यालाच तो वास येतो.
विचारलं, "धोया है?"
बिचाऱ्याने मान खाली घातली. "मॅडम बोली धोया है. बोली, भरोसा नहीं तो पहले चिड़िया को डाल के देखो."
तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांनी खुर्चीतून ऐकलं. त्या ताटलीकडे बघितलं. अजून तिथेच आहे, धुऊन पालथी घातलेली.
हा डबा दळला तर सगळा टॉवर परत येतो. परत पाठवला तर नितीनला फोन, आणि गिरणीत मोमो. आणि वर ती बसलेली, खाली दाणा कधी पडतोय म्हणून डोळे लावून.
मी मूठभर गहू घेतला आणि माझ्या तोंडात टाकला. चावायला लागले.
वॉचमन बघतच राहिला. "अगो, थूक! थूक ते!" हे खुर्चीतून उठले ते थेट आत आले, चक्कीपाशी, पिठाच्या धुरळ्यात. वर्षभरात पहिल्यांदा. मी हातानेच बाहेर व्हा, बाहेर व्हा करतेय, तोंड भरलेलं. गिळला सगळा.
वॉचमनला सांगितलं, संध्याकाळी ये. बरी असले तर दळून ठेवते.
आता दीड वाजलाय. कडू लागला नाही. घसा कोरडा पडलाय, भीतीने असेल. हे शेजारी स्टुलावर बसलेत, तोंडाला रुमाल, खोकतायत आणि बाहेर जायला तयार नाहीत. माझा हात धरून ठेवलाय, लिहिता येत नाही नीट.
वरून त्या दाढीवाल्याने आत्ताच ह्या पानावर शिटून ठेवलंय. शी!